राहूच्या मांडवात भात वाढला

येशुदास उजागऱ्यांची फेथ राहू गावच्या साखरपुड्यातून एका वाढप्याबरोबर पळाली, ही बातमी शिरूरच्या मिशन आळीत रविवारच्या उपासनेआधीच पोचली होती. आणली अनसाबाईंनी. त्यांची धाकटी बहीण कुशाबाई राहूत दिलेली, आणि ती त्या मांडवात स्वतः पानावर बसलेली, म्हणजे साक्षीदार पक्का. उपासना सुरू होईतो वाढप्याला मिशी फुटली होती. ती सुटेपर्यंत त्याला मोटरसायकलही मिळाली, आणि पोरगा कंपनीत पर्मनंट आहे की कंत्राटी, यावरून चर्चच्या पायरीवर दोन तट पडले. तेवढ्यात वडिलांची बाजाची पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून खुद्द फेथच दारातून बाहेर आली, आणि बातमीची मोठी पंचाईत झाली.

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण आळीत खरं सांगणारे कमीच. फेथ पळाली हे खरं. वाढप्यासाठी पळाली हेही खरं. पण मांडवापासून आचाऱ्याच्या भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून परत मांडवात. त्याच्या हातात तिचा फोन होता, आणि फोनमध्ये तिचं वर्षभराचं कॉलेज होतं. कुशाबाई बिचारी फोनवर बरोबरच बोलली होती, "वाढप्याच्या मागं पळत व्हती." त्यातलं ‘मागं’ तेवढं शिरूरला येताना न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरलं.

फेथ ही उजागऱ्यांची थोरली. एस.टी.च्या डेपोत गाड्यांच्या पोटाखाली झोपून आयुष्य काढलेल्या येशुदासांनी हौसेने हे नाव ठेवलं, पण आळीने ते कधी धड उच्चारलं नाही. कुणी फेत म्हणतं, कुणी फेता, आणि तालुक्याची हद्द ओलांडली की सरळ फेटा. उंची बेताची, वेणी लांब, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर आणि उत्तर जिभेच्या शेंड्यावर. तिच्याकडे प्रश्न नंतर येतो, उत्तर आधीच पायात चप्पल घालून तयार असतं. लहान असताना संडे स्कूलमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं होतं, "योनाला माशानं का गिळलं?" बाकीची पोरं देवाची आज्ञा, निनवे शहर, पाप असं काहीबाही जुळवत बसली. ही म्हणाली, "भूक लागली असंल." पाळकसाहेबांना ते इतकं आवडलं की पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी ‘एका मुलाने असं उत्तर दिलं’ म्हणून सांगितलं. तर ही भर उपासनेत बाकावर उभी राहून म्हणाली, "मुलगी."

तिला कुणी तिची चूक दाखवत असलं की ती मान डोलावते. नवख्या माणसाला वाटतं, वा, पोरगी ऐकून घेते. ऐकून कसली घेते, उत्तराचा ताल धरत असते.

आणि असल्या पोरीची नशिबाने गाठ घालून दिली ती अनुपमा मॅडमच्या वर्गाशी.

फेथ कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला, नगर रस्त्यावरच्या एका कॉलेजात. वर्षाच्या प्रोजेक्टला प्रत्येकाने एकेक अ‍ॅप करायचं. मॅडमची पद्धत वेगळी होती. कॉम्प्युटरला लगेच हात लावायचा नाही. आधी अ‍ॅपचे स्क्रीन कागदावर काढायचे, कापायचे आणि वर्गापुढे मांडायचे. बाकीच्यांनी तो कागद म्हणजेच फोन समजून त्यावर बोट टेकवायचं, मालकाने पुढचा कागद सरकवायचा. जिथे बोट अडलं, तिथे डिझाइन चुकलं. इथवर ठीक होतं. पण पुढचा नियम असा की फीडबॅक चालू असताना ज्याचं डिझाइन त्याने तोंड उघडायचं नाही. समजावून सांगायचं नाही, ‘तसं नव्हतं म्हणायचं मला’ नाही, काही नाही.

"पण मॅडम, त्यांना कळलंच नसेल तर?" फेथने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तेच तर बघायचंय," मॅडम म्हणाल्या. "तू काय प्रत्येकाच्या खिशात बसून जाणार आहेस, समजावायला?"

राउंड एकूण दोन. दुसऱ्या राउंडला वर्गाने हात वर करून डिझाइन पास करायचं. नापास झालं तर मॅडमच्या फायलीतला तयार विषय घ्यायचा, आणि तो म्हणजे हजेरीचं अ‍ॅप. निम्म्या वर्गाने तो विषय आपणहूनच घेतला होता, कारण मागच्या वर्षीच्या पोरांकडून तो गरमागरम तयार मिळायचा. फेथ मात्र सगळ्यांदेखत म्हणून बसली होती, "हजेरीचं अ‍ॅप करण्यापेक्षा मी गैरहजर राहीन." एकदा असं बोलून बसल्यावर माघार कुठून घेणार? वर्गातले सगळे आता त्या दिवसाची वाट बघत होते.

तिच्या अ‍ॅपचं नाव ‘पंगत’. ते सुचलं कापणीच्या सणाला. चर्चच्या आवारात प्रीतिभोजन होतं, आणि शेवटच्या पंगतीला भातच आला नाही. पाहुणे नुसती आमटी ओरपून, मिशा पुसून उठले. मागे भट्टीवर बघितलं तर भाताचं अख्खं पातेलं झाकून तसंच. वाढपी म्हणाले, आम्हाला वाटलं संपला. आचारी म्हणाला, मला वाटलं पुरला. दोघांच्या मधे अंतर ते किती, एका चिंचेच्या झाडाचं. फेथच्या डोक्यात तिथेच किडा शिरला. मांडवातल्या वाढप्याने फोनवर बोट टेकवायचं, आचाऱ्याच्या फोनवर दिसायचं, बस. तिने कागदावर मोठ्या प्रेमाने भात, आमटी, भाजी, बुंदी अशी चित्रं काढली आणि प्रत्येकापुढे तीन बटणं ठेवली. हिरवं ‘आहे’, पिवळं ‘संपत आलं’, लाल ‘संपलं’.

पहिल्या राउंडला तिने तोंडात लिमलेटची गोळी धरली. उपाय तिचा तिनेच शोधलेला. गोळी आहे तोवर तोंड बंद.

भाग्यश्री म्हणून एक पुढच्या बाकावरची. ती म्हणाली, "सगळं गुलाबी कर ना. लाल बघून भीती वाटते." कुणी म्हणालं, नाव इंग्रजीत ठेव, भारी वाटेल. एकाला वाढप्याला पाचपैकी तारे द्यायची सोय हवी होती. दुसऱ्याला तिथल्या तिथे आहेर किती जमला तेही दिसायला हवं होतं. फेथची गोळी दाताखाली कडाकड वाजत होती. मग उठली गौतमी. ही कासुर्डीची, वर्गात पहिली येणारी, घड्याळजीसारखी एक डोळा बारीक करून बघणारी. तिने कागद हातात धरला, बोटं मुद्दाम वाकडी केली आणि म्हणाली, "वाढप्याचे हात खरकटे असतात. एवढ्याशा बटणावर त्याचं बोट कसं पडणार? मोठं कर." हे फेथला पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला.

शेवटी आला विक्रम. राहूचा, ऊसवाल्या घरातला, पोपटराव चेअरमनांचा पुतण्या. चेअरमनपद जाऊन बरीच वर्षं झाली तरी पोपटरावांना सगळे चेअरमनच म्हणायचे, आणि विक्रम शेवटच्या बाकावर बसायचा तोही साधारण त्याच रुबाबात. त्याने लाल बटणावर बोट नेलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"ह्ये न्हाई दाबणार कुणी."

"का रे?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, मांडवात ‘संपलं’ म्हणत्यात व्हय कुणी? शुभकार्य हाय ते. आमच्या तुळजाकाकी फोन उचलून हौदात टाकतील. भात संपला म्हणत न्हाईत, वाढला म्हणत्यात. दुकान कसं वाढवत्यात, नारळ कसा वाढवत्यात, बांगडी फुटली तर वाढली म्हणत्यात. तसं."

निम्म्या वर्गाने माना हलवल्या. कुणी म्हणालं, आमची आई तर मिठालाबी तसंच म्हणती. उजागऱ्यांच्या घरात शब्दांचं हे सोवळं कधी नव्हतंच. तिचे आजोबा गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरलेले, शकुन-अपशकुन त्यांनी सायकलच्या घंटीसरशी उडवून लावलेले. त्यामुळे घरात तेल संपलं की संपलं, मीठ संपलं की संपलं, आणि कुणाला आणायला पाठवायचं यावर भांडण. शेजारीपाजारी वाढवलं-वाढवलं म्हणतात हे तिने ऐकलं होतं, पण तिच्या बटणाला त्याची हरकत असेल हे तिला स्वप्नातही आलं नव्हतं. सात-आठ उत्तरं तिच्या ओठांशी रांग लावून उभी राहिली. मॅडम बघत होत्या. गोळी होती. उत्तरं आल्या पावली परत गेली.

घरी येऊन तिने नवे स्क्रीन केले, या वेळी फोनवर. नुसती चित्रं एकमेकांना जोडलेली, आत यंत्र काही नाही, पण बोट टेकवलं की पुढचं चित्र यायचं. बटणं तळहाताएवढी केली. ‘संपत आलं’च्या जागी ‘वाढत आलं’. ‘संपलं’च्या जागी ‘वाढलं’. भातापुढे ‘वाढला’, बुंदीपुढे ‘वाढली’, व्याकरणात कुठे खोट नको. मग विक्रमला म्हणाली, "घे. तुझाच शब्द. आता खऱ्या पंगतीत करून बघू."

"ये की," विक्रम म्हणाला. "आमच्या चुलत बहिणीचा साखरपुडाच हाय. तात्या खाली बसवून जेवू घालणारेत."

तात्या म्हणजे पोपटराव. अख्ख्या पट्ट्यात बुफे सुरू झाले तरी त्यांनी पंगत सोडली नव्हती. "उभ्यानं खायाला माझे पाव्हणे काय घोडी हायत व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शनिवारी फेथ वडिलांचा फोनही मागून घेऊन निघाली. तळेगाव ढमढेरेपर्यंत एस.टी., पुढे जीप. मेथीच्या जुड्या, एक शिवणयंत्र आणि दोन म्हाताऱ्या यांच्या मधे बसून तिने आख्ख्या जीपला अ‍ॅप समजावून सांगितलं. मॅडम तिथे नव्हत्या, गोळीही नव्हती. एक म्हातारी म्हणाली, "हुशार हाय पोरगी. पर उतरायचं कुठं तुला?" राहू मागे गेलं होतं.

मांडवात व्यवस्था अशी ठरली. फेथचा फोन साईकडे. साई म्हणजे विक्रमचा मावसभाऊ, रांजणगावला कंपनीत लाइनवर काम करणारा, नव्या पांढऱ्या शर्टातला, अतिशय सरळ मुलगा. त्याने वाढता वाढता बटण दाबायचं. आत यंत्र नसल्यामुळे ते बटण दाबून कुठेच काही पोचणार नव्हतं. म्हणून फेथने त्याच्या खांद्यावरून बघायचं आणि वडिलांच्या फोनवरून गौतमीला कळवायचं. कासुर्डीहून परस्पर आलेली गौतमी आपल्या फोनसह मागे भट्टीवर आचाऱ्याजवळ. तिने आचाऱ्याला सांगायचं. थोडक्यात, अ‍ॅप म्हणजे फेथच.

पहिली पंगत बसली. साईने भाताची बादली घेऊन एक ओळ काढली, टोकाला पोचला, शर्टाला हात पुसला आणि विचारलं, "ताई, दाबू का?"

"दाबा ना, विचारता काय?"

साईने ‘भात वाढला’ दाबलं.

"गौतमी, भात वाढला," फेथ फोनमध्ये म्हणाली.

मागे गौतमीने ठरल्याप्रमाणे आचाऱ्याला सांगितलं, "मामा, भात संपला."

शेजारी पानं पुसत तुळजाकाकी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं ए, शुभकार्याच्या दिवशी काय बोलतीस?" आचाऱ्याने चुलीवर दुसरं पातेलं चढवलं.

साईने दुसरी ओळ काढली. दाबलं. भात वाढला. आचाऱ्याने तिसऱ्या पातेल्याचे तांदूळ वैरले. तिसरी ओळ, पुन्हा भात वाढला. साईचा उत्साह वाढत होता. कंपनीत प्रत्येक नग पुढे गेला की बटण दाबायची त्याला सवयच होती. आणि फेथच्या डोळ्यांसमोर लोकांच्या पानांवर भाताचे डोंगर उभे होते, साईच्या बादलीत भात होता, तरी तिला वाटत होतं, काय खातात हे राहूचे लोक.

"वऱ्हाडी हायत का हत्ती?" मागे आचारी गौतमीला विचारत होता. "पोरी, नीट इच्यारून घे."

"विचारलंय मामा. वाढलाच म्हणते."

मग बुंदी आली. बुंदीची बादली ओळीच्या मध्यातच रिकामी झाली, आणि साईने मान मागे टाकून मोठ्याने हाक दिली, "बुंदी येऊ द्या!"

"ओरडू नका," फेथ म्हणाली. "दाबा."

"हात पाकाचा हाय, ताई."

"म्हणून तर बटण मोठं केलंय. दाबा."

साईने फोन डोळ्यांसमोर धरला. आहे. वाढत आली. वाढली. तो वाचत राहिला. पानावरचे पाहुणे त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पर मी ह्यांना अजून वाढलीच न्हाई, ताई. मग वाढली कसं दाबू?"

फेथने बटणं पुन्हा वाचून बघितली. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर वेळेवर आलं नाही. पलीकडच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, बुंदी येऊ द्या. त्याच्या पलीकडून कुणी, आमटी येऊ द्या. साईला राहवेना. पाहुणा ताटकळतोय म्हटल्यावर तो बादली घेऊन भट्टीकडे धावला, दुसऱ्या हातात तिचा फोन तसाच, पाकाने माखलेला. "अहो फोन," म्हणत फेथ त्याच्यामागे. पानावर बसलेल्या कुशाबाईने हे तोंडात घास धरून बघितलं.

भट्टीवर गौतमी भाताच्या पातेल्यांनी वेढली गेली होती. "थांबव तुझा भात," ती म्हणाली. फेथने पातेली बघितली, साईला बघितलं, आणि सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं. साई वाढत होता, म्हणून भात वाढला होता. ती वाढला म्हणजे संपला समजत होती. आणि त्यामुळे आता भात खरोखरच वाढला होता.

पोपटराव आले. काठी टेकून त्यांनी पातेल्यांवरून एक नजर फिरवली. मग ते वळून मांडवाकडे तोंड करून म्हणाले, "पोपटरावाच्या मांडवात भात सरत न्हाई, आसं सांगा गावाला." चेअरमन उगीच नव्हते झाले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या राहूने फोडणीचा भात खाल्ला आणि त्यांचं नाव काढलं.

पण विक्रमला ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्याने जीपपर्यंत सोडताना तोंड फुगवलं होतं.

"तुझ्या भावाला साधं मराठी कळत न्हाई," फेथ म्हणाली.

"त्याला मराठीच कळतंय. म्हणून तर झालं."

"शब्द तुझाच व्हता."

"मी तोंडानं म्हणलो व्हतो. बटणावर छाप म्हणलो न्हाई."

जीप सुटली. परतीच्या वाटेवर फेथने कुणाला काही समजावून सांगितलं नाही.

रविवारी आळीत काय झालं ते सांगून झालंच आहे. फेथने त्या बातमीकडे लक्ष दिलं नाही, म्हणजे ती किती काळजीत असेल बघा. दुसरा राउंड सोमवारी होता आणि तिच्याकडे शब्द नव्हता. ती जेवत होती आणि शेजारी येशुदास पेटीचा भाता दुरुस्त करत बसले होते. ते म्हणाले, "बाई, ‘खलास’ लाव. डेपोत आम्ही तेच म्हणतो."

"पप्पा, त्यात माणूस गेल्यासारखं वाटतं."

"मग ‘रिकामं’ लाव."

"रिकामं लावलं तर तुळजाकाकी मला हौदात टाकतील, फोन न्हाई."

"मग हजेरीचंच कर की," येशुदास म्हणाले. "हजर, गैरहजर. त्यात काय वाढत न्हाई, काय सरत न्हाई." फेथ ताटावरून उठली. येशुदासांना कळेना, आपण एवढं काय बोललो.

सोमवारी वर्ग गच्च भरला होता. एरवी दांड्या मारणारेही आले होते. राहूच्या भाताची कीर्ती इकडेही पोचली होती. फेथने खट्टू मनाने कागदी स्क्रीन टेबलावर मांडले, शेजारी कात्री, कोरे कागद, गोंद. मॅडमच्या नियमाने लगेच तिथल्या तिथे दुरुस्ती करायला मुभा होती, बोलायला नव्हती. गोळी तोंडात गेली.

"प्रत्यक्ष बघितलंय कुणी?" मॅडमनी विचारलं. "त्यांनी आधी बोला."

विक्रम उठला. त्याने पुस्तकांची पिशवी बादलीसारखी धरली आणि वर्गातून साईसारखा चालत दाखवू लागला. "साईदादा असा वाढत निघाला. ही मागं. त्यो दाबतोय, वाढला. ही फोनात, वाढला. मागं गौतमी आचाऱ्याला, मामा भात संपला. आचारी रडायला आल्याला." वर्ग हसून हसून वाकला. फेथ टेबलाकडे बघत होती.

"तू नुसता भात सांगतोस," गौतमी उठून म्हणाली. "खरी गंमत बुंदीची होती. साई किती वेळ हाका मारत होता."

"मारणारच की. बुंदी येऊ द्या, बुंदी येऊ द्या म्हणून बोंबलतंय त्ये, आन् ही म्हणती ओरडू नका, दाबा."

"मग काय दाबणार? तिथं तसलं बटण कुठं होतं?"

"आसलं बटण आसतंय व्हय कुठं?"

"का नसतं? आमच्या कासुर्डीत पण मांडवात हेच ओरडतात. वाढला, संपला म्हणतंच नाही कुणी. काय पाहिजे तेवढंच. आमटी येऊ द्या, पुरी येऊ द्या."

"आन् नको आसलं म्हंजी?"

"राहू द्या म्हणतात."

"बघा," विक्रम वर्गाकडे वळून म्हणाला, "शेवटी आमच्याच गावाचं नाव घ्यावं लागतंय."

पुन्हा हशा झाला. भाग्यश्री मधेच म्हणाली की पिवळं आणि हिरवं राहिलंच तर निदान लालचं गुलाबी करावं. कुणीतरी पुन्हा ताऱ्यांचं काढलं. त्या गोंधळात फेथकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिने गोळी गालात सरकवली. राहूला ते दोन शब्द पंगतीच्या चारी टोकांनी उठत होते, तिच्या दोन्ही कानांवर आदळत होते, आणि ती साईला गप्प करण्यात गुंतली होती. तिने कात्री घेतली. हिरवं, पिवळं, लाल, तिन्ही बटणं कापून टाकली. कोऱ्या कागदाच्या दोन रुंद पट्ट्या केल्या, जाड पेनाने लिहिलं, भातापुढे चिकटवल्या. एकीवर ‘येऊ द्या’. दुसरीवर ‘राहू द्या’. मग तो कागद भांडणाऱ्या दोघांच्या मधे सरकवला.

विक्रम बोलता बोलता थांबला. गौतमीने एक डोळा बारीक केला, मग दुसराही.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांना आता ठाऊक झालंय. ज्याने काहीच ऐकलं नाही, असा कुणीतरी हवा."

तेव्हाच जॉन दारात उभा राहिला. जॉन रोज उशिराच यायचा, आणि आज वर्गाने त्याचं असं स्वागत केलं की तो परत जायला निघाला. मॅडमनी त्याला टेबलाशी आणलं. पाठीवरची सॅकही उतरू दिली नाही.

"तू पंगतीत वाढतोयस. बादलीतला भात खाली गेला. हा तुझा फोन. काय करशील?"

जॉनने कागदाकडे बघितलं, मग मॅडमकडे, यात काही फसवणूक आहे का अशा नजरेने. मग ‘येऊ द्या’वर बोट टेकवलं.

"आता सगळे पोट धरून बसलेत. भात कुणालाच नको."

जॉनने ‘राहू द्या’ दाबलं. "जाऊ का बसायला?" त्याने विचारलं.

फेथ टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. समजावून सांगण्यासारखं यात काही उरलंच नव्हतं, आणि तेच तिला जड जात होतं.

"हात वर करा," मॅडम म्हणाल्या.

आधी गौतमीचा हात गेला. मग मागच्या बाकांवरून भराभर. विक्रमने दोन्ही हात वर केले, मॅडमनी एक खाली घ्यायला लावला. भाग्यश्रीचा सगळ्यात शेवटी, गुलाबीची आशा सुटत नव्हती म्हणून. जॉनने कशासाठी ते न विचारताच केला.

"‘पंगत’ पुढे जाईल," मॅडम म्हणाल्या आणि वहीत खूण करून पुढच्या नावाकडे वळल्या. हजेरीच्या अ‍ॅपची फाइल त्यांनी कपाटात ठेवून दिली. फेथने चष्मा वर सारला.

विक्रम काही तिला सुखाने बसू देणारा नव्हता. तिच्या बाकाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "बटण मोठं केलं त्ये गौतमीनं सांगितलं. ‘येऊ द्या’ आमच्या साईचं. ‘राहू द्या’ तर गावाचंच. मग फेटे, तू नेमकं काय केलंस?"

फेथ म्हणाली, "तुम्ही सगळे एकदम बोलत व्हता. त्यातलं काय ऐकायचं न्हाई, ते मी ठरवलं."